तिचं म्हणणं कोणत्या रकान्यात भरायचं?

आज एका सर्वेक्षणाची चिकित्सा करायची आहे. पण त्याआधी माझ्याच एका फॉर्मची करते, कारण तो फॉर्म चुकला नसता तर ते सर्वेक्षण मी कधी उघडूनही बघितलं नसतं.

मी वरूडची. एम.एस्सी. सांख्यिकीत केलं आणि पीएच.डी. संत्र्याच्या बागा आणि भूजल यावर चालू आहे. वरूड-मोर्शीला लोक कौतुकानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात आणि त्याच तोंडानं 'ड्राय झोन'ही म्हणतात. माझा फॉर्म साधा आहे. झाडं किती, आंबिया बहार की मृग, विहीर-बोअरची खोली, मोटर, कर्ज. फॉर्म क्रमांक ६३ वर 'उत्तरदाता' या रकान्यात मी एका बाईचं नाव लिहिलं आहे. तिचा नवरा गेला, बाग आता तीच बघते. उत्तरं मात्र सगळी तिच्या दिरानं दिली. ती चहा घेऊन आली, कप ठेवले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी स्वतः बाई असून मला त्यात काही खटकलं नाही. वीस मिनिटांत फॉर्म पूर्ण, एकही रकाना रिकामा नाही. त्या दिवशी मी खूश होते.

निघताना फाटकाशी ती एवढंच म्हणाली, "त्यायनं सांगतलं ते तुमी लिवलं. मले इचारलं असतं तं येगळं सांगतलं असतं."

तुमच्यापैकी बरेच जण पेट पास होऊन आता सिनॉप्सिसच्या मागे असाल. पद्धतीच्या पुस्तकात 'प्रतिसाद न मिळणे' यावर अख्खं प्रकरण असतं, ते आपण पाठही करतो. पण भलत्याच माणसाचा प्रतिसाद मिळाला आणि तो नीट भरलेला, स्वच्छ, बेरजा जुळणारा असला तर काय करायचं? असा डेटा कुठल्याही तपासणीत पकडला जात नाही. सॉफ्टवेअरला दीर आणि भावजय यातला फरक कळत नाही.

मग मी शोधायला लागले, की या बायांना आजवर कुणी आणि काय विचारलं आहे. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर वाचायला घेतलं की दोन अहवाल आधी हातात येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं केलेला २००५ चा आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रांचा २००६ चा. दोन्ही मेहनतीचे, दोन्ही अजून वाचावेत असे. दोन्हींच्या मध्यभागी प्रश्न एकच आहे, तो का गेला? कर्ज, नापिकी, भाव, सावकार. बाई त्या प्रश्नात येते ती मुख्यतः माहिती देणारी म्हणून. गेलेल्या माणसाबद्दल तिला विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

२०१८ मध्ये महिला किसान अधिकार मंचानं, म्हणजे ज्याला सगळे 'मकाम' म्हणतात त्यानं, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत ५०५ बायांचं सर्वेक्षण केलं. या सगळ्या २०१२ ते २०१८ या काळात शेतीच्या संकटापायी नवरा गमावलेल्या. इथे प्रश्न बदलला. तो का गेला हे बाजूला ठेवून, तुझ्या नावावर काय आहे, तुला काय मिळतं, काय मिळायला हवं हे तुला माहीत आहे का, असं विचारलं गेलं. ४० टक्के बाया ज्या जमिनीत राबत होत्या त्या जमिनीचा हक्क अजून त्यांच्याकडे आलेला नव्हता. ३३ टक्के बायांना आपण पेन्शनला पात्र आहोत हेच माहीत नव्हतं.

मला या सर्वेक्षणाबद्दल आदर आहे. म्हणूनच त्याला सोडायचं नाही.

सेमिनारमध्ये पहिला आक्षेप कुठून येईल ते सांगते. 'हे अ‍ॅडव्होकसीवाल्यांचं सर्वेक्षण आहे, त्यांना जे दाखवायचं होतं तेच निघालं.' हा आक्षेप आळशी आहे, पण उत्तर द्यायला आपणही आळशी असून चालणार नाही. काही जण लगेच गणित काढतात. नमुना ५०५, प्रमाण ४० टक्के, तर ९५ टक्के विश्वासार्हतेला चूक सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. झालं, म्हणजे खरा आकडा ३६ ते ४४ च्या मध्ये. हे गणित इथे करायचं नाही! ते यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांसाठी. गावोगाव काम करणाऱ्या संघटनांच्या जाळ्यातून जे सर्वेक्षण होतं, ते ज्या बायांपर्यंत संघटना पोहोचली त्यांच्यापर्यंतच पोहोचतं. त्यावर सव्वाचार टक्के चिकटवणं म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर लावणं.

मग ते फेकून द्यायचं का? नाही. विचारायचं ते हे, की पूर्वग्रह कोणत्या दिशेनं ढकलतो. आणि इथे मला स्वतःला मजा आली, कारण दोन आकड्यांना तो दोन दिशांनी ढकलतो.

पेन्शनचं घ्या. ज्या बाईपर्यंत कुठलीतरी ताई पोहोचली आहे, तिला योजना माहीत असण्याची शक्यता इतर बायांपेक्षा जास्तच. संघटनेच्या ओळखीच्या बायांमध्येही ३३ टक्क्यांना माहीत नसेल, तर जिच्या दारी कुणीच गेलं नाही अशांमध्ये हे प्रमाण जास्त निघेल, कमी नाही. म्हणजे इथे आकडा बहुधा कमीच दाखवतो. जमिनीचं उलट. संघटनेकडे कोण येतं? जिचं अडलंय ती. जिचा फेरफार सासऱ्यानं आणि तलाठ्यानं सुरळीत करून दिला, ती कशाला मीटिंगला येईल? म्हणून ४० टक्के हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. एकाच नमुन्यातून निघालेले दोन आकडे आणि दोघांवर विश्वास ठेवायची रीत वेगळी. 'नमुना पक्षपाती आहे' एवढं म्हणून उठून जाणाऱ्याला हे दिसत नाही.

माझा खरा आक्षेप दुसराच आहे. '४० टक्के बायांकडे जमिनीचा हक्क नाही' या वाक्यात निदान चार प्रकारच्या बाया एकत्र बांधल्या आहेत. जिनं मागितलं आणि नाकारलं गेलं ती. जिनं अर्ज दिला आणि चकरा मारतेय ती. जिनं मागितलंच नाही, कारण मागितलं तर घर सोडावं लागेल अशी भीती आहे ती. आणि जिला खरोखरच आत्ता ते नको आहे, पोरगा मोठा झाला की बघू म्हणणारी. कायद्याच्या नजरेत त्यांच्या जागाही वेगळ्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल तर वारसनोंद हा तिचा सरळ हक्क. पण आपल्याकडे म्हातारा जिवंत असेपर्यंत सातबारा त्याच्याच नावावर असतो. नवरा गेला तेव्हा त्याच्या नावावर कर्ज होतं आणि जमीन नव्हती, अशी घरं मी स्वतः मोजून थकले. तिथे वारसनोंद करायची कशाची? टक्केवारी या चौघींना एका रांगेत उभं करते आणि मोर्च्यात तेच लागतं. संशोधकाला ती रांग सोडवावी लागते. मागणी करणाऱ्याला एक आवाज हवा असतो आणि आपल्याला त्यातले वेगवेगळे आवाज ऐकू यायला हवे असतात. दोघांनी एकमेकांचं काम करायला गेलं की घोटाळा होतो.

आता दुसऱ्या बाजूची चिकित्सा. सरकारी आकडा तरी यादृच्छिक असतो का? २००५ च्या डिसेंबरपासून आणि २००६ च्या जानेवारीपासून जे शासन निर्णय चालत आले, त्यात मदत एक लाखाची. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. ती मिळायला आत्महत्या 'पात्र' ठरावी लागते. शेती त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं, नापिकीमुळे ते फेडता न येणं आणि वसुलीचा तगादा. जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. पात्र की अपात्र. आमच्या भागात 'अपात्र' हा शब्द मेलेल्या माणसासाठी वापरतात आणि आता कुणाला तो विचित्रही वाटत नाही. म्हणजे पात्र आत्महत्यांची यादी हासुद्धा निवडलेला नमुनाच आहे, निवड करणारा फक्त वेगळा. जी यादी 'अधिकृत' म्हणून आपण डोळे झाकून प्रबंधात टाकतो, तिच्यातून ठोक्यानं किंवा बटाईनं शेती करणारा गळलेला असतो. आणि स्वतः शेती करणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई तर आधीपासूनच गळलेली.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण यवतमाळ जिल्ह्यात मारेगाव तालुक्यातल्या जळक्याचं आहे. कलावती बांदूरकर. २००५ मध्ये नवरा गेला. शेती ठोक्याची होती आणि स्वतःच्या नावावर जमीन नाही म्हणून तो मृत्यू सरकारी निकषात बसला नाही, हे पी. साईनाथांनी तेव्हाच लिहिलं होतं. जुलै २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत अणुकराराच्या विश्वासदर्शक ठरावावर बोलताना तिचं नाव घेतलं आणि देशभर 'कलावती' झाली. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी पुन्हा तिचं नाव घेतलं, तिला कुणी काय दिलं हे सांगायला. त्यानंतर तिनं स्वतः पत्रकारांना सांगितलं की ते तसं नाही. मला इथे कोणत्या पक्षाचं खरं हे ठरवायचं नाही. तुम्ही फक्त हे बघा, की देशाच्या सर्वांत मोठ्या सभागृहात तिचं नाव दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा ती तिथे नव्हती. तिच्या वतीनं बोलणं आणि तिला बोलता येईल असं करणं, यातलं अंतर याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

हे दुसरं काम, म्हणजे बोलता येईल असं करणं, त्याला मराठीत नेमका शब्द सापडत नाही अशी माझी तक्रार होती. 'वकिली' म्हटलं की काळा कोट आठवतो आणि 'कैवार' म्हटलं की भांडण. मी 'पाठराखण' वापरत होते. मग लक्षात आलं की गावात शब्द आहे. "ताई, तहसीलला संगं येता काय?" संगं येणं. बोलायचं बाईनंच. ताई शेजारी उभी राहणार, अर्जाची पोच मागून घेणार, आणि 'उद्या या' म्हटलं की 'उद्या म्हणजे किती वाजता' असं विचारणार.

इंग्लंडमध्ये या संगं येण्याचा कायदा आहे. २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानं आणि पुढे २०१४ च्या काळजीविषयक कायद्यानं स्थानिक प्रशासनावर जबाबदारी टाकली. आपल्याबद्दलच्या निर्णयात भाग घेणं ज्याला फार अवघड जातं आणि जवळ योग्य माणूस नाही, त्याला स्वतंत्र पाठराखा द्यायचा. तो प्रशासनाचा कर्मचारी नसतो. माहिती समजते का, लक्षात राहते का, तोलता येते का, सांगता येते का, अशा चार गोष्टी तपासतात. मी हे वाचताना फॉर्म ६३ मधली बाई डोळ्यापुढे ठेवली. चारही गोष्टी तिला उत्तम जमतात. बागेचा हिशेब तोंडपाठ आहे. तिची अडचण तिच्या डोक्यात नाही, ओसरीवर कोण बसलंय यात आहे. त्या अर्थी इंग्लंडचा तो निकष आपल्या कामाचा नाही. पण त्याच कायद्यातली एक बारीक अट मात्र मी वहीत लिहून ठेवली. घरचा माणूस तिच्या वतीनं बोलू शकतो, पण तो आपोआप तिचा प्रतिनिधी होत नाही. तिची त्याला संमती लागते. आपण फॉर्म भरताना ही संमती कधी घेतली आहे का? मी तरी नव्हती घेतली.

आणि 'स्वतंत्र' म्हणजे काय याचाही नीट विचार करा. तिकडे पाठराख्याचा पैसा बहुतेक वेळा स्थानिक प्रशासनच देतं, ज्याच्याशी त्याला हुज्जत घालायची असते. इकडे संस्थेचा पैसा देणगीदाराचा असतो आणि देणगीदाराला दर तीन महिन्यांनी अहवाल लागतो, यशोगाथा लागतात. पूर्ण स्वतंत्र कुणीच नाही, पीएच.डी. करणारी मीही नाही, माझी फेलोशिप कुठून येते ते मला माहीत आहे. पैसा कुणाचा हे विचाराच. पण तिथे थांबू नका. या माणसाला काय करायचं ते कोण सांगतं, ती बाई की दुसरंच कुणी, हेही विचारा. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तालुक्याला समिती असते. ती फार मोलाची सोय आहे. मात्र तिथपर्यंत जायला आधी आपलं काहीतरी अडलंय हे मोठ्यानं म्हणावं लागतं. ओसरीवर ते म्हणता येत नाही.

अशा संगं येण्यानं काय होतं याचा पुरावा हवा असेल तर मकामकडेच परत चला. नोव्हेंबर २०१८ मध्ये या बाया मुंबईला आझाद मैदानावर गेल्या आणि स्वतः बोलल्या. जून २०१९ मध्ये महसूल विभागाचा शासन निर्णय निघाला. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या बायांच्या जमिनीच्या नोंदी, रेशनकार्ड अशा गोष्टींकडे प्राधान्यानं बघा म्हणून. सर्वेक्षणामुळे निर्णय निघाला असं मी लिहिणार नाही. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींमध्ये कार्यकारण जोडायला आणखी पुरावा लागतो, हे तुम्हाला मीच सांगत असते. पण टक्केवारी सांगायला तज्ज्ञ पाठवला नाही, बाया गेल्या, हे मला त्या सर्वेक्षणाच्या बाजूनं सगळ्यात मोठं वाटतं. (जमीन बाईच्या नावावर करा ही मागणी आपल्याकडे नवी नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती चालवली होती. गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली की गाव लक्ष्मीमुक्त. त्यात देणारा नवरा होता. इथे तो उरलेलाच नाही.)

आता फॉर्म ६३.

मी पुन्हा गेले. या वेळी एकटी नाही, त्या भागात बायांसोबत काम करणारी एक ताई होती. मी तिला माझ्या मदतीला नेलं होतं, असा माझा समज. ओसरीवर बसल्या बसल्या ताईनं मलाच विचारलं, "ही माहिती कुठं जाते?" मी म्हटलं प्रबंधात. "प्रबंध कोण वाचतं? गावाचं नाव असते काय त्यात? बोअरचा गट नंबर?" ड्राय झोनमध्ये बोअरवर निर्बंध आहेत, माझ्या फॉर्ममध्ये गट नंबर होता आणि संमतीपत्र इतक्या शुद्ध मराठीत होतं की ते मी कुणाला वाचूनच दाखवत नव्हते. मी उत्तरं दिली, काही अडखळत. मग ताई बाईकडे वळली. "आईकलं ना? आता तुले सांगाचं तं सांग. नाई सांगतलं तरी चालते."

दीर वावरात गेलेला होता. बाई आधी माझ्या प्रश्नांवर आलीच नाही. रेशनकार्ड वेगळं करायला कोणता अर्ज लागतो ते तिनं ताईला विचारलं, पोट्ट्याच्या फीचं विचारलं. पाऊण तास मी तिथे नव्हतेच म्हणा ना. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुमचं इचारा."

तिनं सांगितलेलं आणि दिरानं सांगितलेलं जुळत नव्हतं. झाडांच्या संख्येत नाही, कर्जात नाही, पाण्यात तर नाहीच. झाडं आणि कर्ज लिहा म्हणाली. पाण्याचं सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, "हे फक्त तुमाले समजाव म्हणून सांगतलं. लिवू नका."

परत आल्यावर मी फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवले. 'प्रत्यक्ष कोण बोललं' आणि 'बोलताना कोण हजर होतं'. जुन्या सगळ्या फॉर्मवर आठवून आठवून ते भरले. जिथे आठवत नव्हतं तिथे 'आठवत नाही' हाच कोड दिला. मार्गदर्शकांनी विचारलं की यानं विश्लेषणात काय फरक पडेल. मी म्हटलं, बायांच्या नावे भरलेल्या पण पुरुषांनी बोललेल्या ओळी वेगळ्या काढून बघू, फरक पडतो का. ते चालू आहे.

ही गोष्ट इथे लिहू का, हेही ताईमार्फत विचारून घेतलं. गाव लिहू नका आणि ओळखू येईल असं काही असेल तर बदला, असा निरोप आला. बदललं आहे. ६३ हा आकडाही खरा नाही.

बोअरच्या खोलीचा रकाना मी रिकामा ठेवला आहे. दिरानं दिलेला आकडा खोडला, तिनं दिलेला लिहिला नाही. कोडबुकमध्ये रिकाम्या रकान्याची तीन कारणं होती. लागू नाही, माहीत नाही, उत्तर दिलं नाही. या ओळीसाठी चौथं घातलं: सांगितलं, लिहू नका म्हणाली.